रांगेत उभं राहून बेसबॉल येत नाही

प्रिय बाई,

मी कोथरूडला राहते, नोकरी करते. कॉलेजात असताना सॉफ्टबॉल खेळले, विद्यापीठाच्या संघातही होते. गेल्या नोव्हेंबरपासून घराजवळच्या शाळेच्या मैदानावर मुलांना बेसबॉल शिकवते. वय ११ ते १४, एकूण १९ जण, त्यात ५ मुली. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी दीड तास, रविवारी सकाळी दोन तास. सामान म्हणजे ३ बॅट, ११ ग्लोव्ह, दीड डझन बॉल, ४ हेल्मेट आणि कॅचरचा, म्हणजे बॅटिंग करणाऱ्याच्या मागे बॉल पकडणाऱ्याचा, एक सेट. अर्ध्या मैदानावर क्रिकेटची अकादमी चालते.

सुरुवातीला २६ मुलं होती, सात गळाली. एकाला फोन केला तर म्हणाला, ‘ताई, नुसतं रांगेत उभं राहायला लागतं.’ ते मनाला लागलं. मी रोज सगळं घेते, पळणं, कॅचिंग, बॅटिंग. तरी मॅचमध्ये साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून सरपटत येणारा बॉल, पायातून निघून जातो. त्यात माझा सगळ्यात चांगला पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, वय १३, कोपर दुखतंय म्हणतो. त्याचे वडील म्हणतात, दोन आठवड्यांनी मॅच आहे, स्प्रे मारून टाकेल. सराव नेमका आखायचा कसा? आणि बाई, मला अगं-तुगंच करा.

— कोथरूडची ताई

---

अगं, आधी त्या मुलाच्या कोपराचं बोलू. बाकीचं सगळं पुढच्या मंगळवारपर्यंत थांबेल, हे थांबणार नाही.

हे वाचशील त्या घडीपासून त्याचं बॉल फेकणं बंद कर. नुसतं पिचिंग नव्हे, आऊटफिल्डमधून बॉल परत फेकणंही. हात खाली सोडून तळवा समोर केला की कोपराची जी बाजू अंगाला लागते, तिथे दुखत असेल तर आठवडाभर वाट बघू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. ती अजून पक्कं हाड झालेली नसते. जोरात फेकताना कोपराच्या आतल्या बाजूवर जो ताण येतो, तो मोठ्या माणसाच्या लिगामेंटवर पडतो, मुलाच्या मात्र त्या कूर्चेवर, कारण तिथे तीच सगळ्यात कच्ची. डॉक्टर मंडळी याला ‘लिटल लीग एल्बो’ म्हणतात, लिटल लीग ही अमेरिकेतली मुलांच्या बेसबॉलची संघटना. वेळेवर थांबलं तर बहुतेक मुलं बरी होतात आणि पुन्हा खेळतात. स्प्रेने दुखणं झाकलं जातं, ताण होता तेवढाच राहतो. म्हणून स्प्रे मारून टाकलेला प्रत्येक बॉल हा न मारता टाकलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा. शरीर ओरडून सांगत होतं, त्याचं तोंडच आपण बंद केलेलं असतं.

अमेरिकेत २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या किशोरवयीन पिचरांवर खांद्याची किंवा कोपराची शस्त्रक्रिया करायची वेळ आली, त्यांची तुलना धडधाकट पिचरांशी केली होती. वर्षातले आठ महिन्यांपेक्षा जास्त काळ पिचिंग करणाऱ्यांना धोका पाचपट निघाला. आणि हात थकलेला असतानाही नेहमी टाकत राहणाऱ्यांना छत्तीसपट. हा दुसरा आकडा मी कधी विसरत नाही. पाचपटीचं पाप वेळापत्रकाचं आहे, छत्तीसपटीचं पाप मात्र शेजारी उभं राहून ‘अजून एकच इनिंग’ म्हणणाऱ्या मोठ्या माणसाचं.

मी तेच म्हटलं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आंतरशालेय स्पर्धेत माझ्या एका मुलाने सकाळी एक मॅच टाकली आणि दुपारी दुसरी. मधल्या वेळात तो डाव्या हाताने डबा खात होता. मी ते पाहिलं आणि विचारलं नाही. आम्ही जिंकलो. पुढच्या वर्षी तो मैदानावर आला नाही. त्याची आई नंतर बाजारात भेटली आणि म्हणाली, ‘त्याला आता पाण्याची बादली उचलतानाही दुखतं.’ तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. त्या दिवसापासून मी पिच, म्हणजे टाकलेले बॉल, मोजल्याशिवाय एकाही मुलाला बॉल दिला नाही.

तुझी यात आणखी एक अडचण आहे, आणि ती तुझ्या चांगल्या खेळाडूपणातूनच आली आहे. तू सॉफ्टबॉल खेळलीस. तिथे पिचर हात खालून फिरवून सोडते, ताण पडतो पण तो वेगळ्या जागी आणि वेगळ्या तऱ्हेने. वरून पिच टाकणाऱ्या कोपराचं दुखणं तुझ्या स्वतःच्या अंगाने कधी सोसलेलं नाही, त्यामुळे ते तुला आपोआप दिसणार नाही. आकड्यांवरच भरवसा ठेवावा लागेल. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल या संस्थांनी २०१४ मध्ये मुलांसाठी मर्यादा ठरवून दिल्या. दिवसाला जास्तीत जास्त पिच, वय ११-१२ ला ८५ आणि १३-१४ ला ९५. तुझ्या मुलांच्या वयाला विश्रांतीचा हिशेब असा: २० पिचपर्यंत सुट्टी लागत नाही, २१ ते ३५ झाले तर एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, आणि ६६ च्या वर गेलं की चार दिवस. मी स्वतः तुझ्या जागी असते तर मॅचमध्ये ५० च्या पुढे कोणालाच जाऊ दिलं नसतं. ९५ ही वरची हद्द आहे, आणि आपली मुलं नोव्हेंबरपासून खेळतायत. आणि पिचिंग झालं की त्याच दिवशी त्याला कॅचर बनवू नकोस. कॅचरही जवळजवळ पिचरइतकेच बॉल परत फेकत असतो, हे आपल्याकडे लोकांच्या लक्षातच येत नाही. कर्व्ह बॉल, म्हणजे हवेत वळणारा बॉल, शिकवायची तर अजिबात घाई नको.

वडिलांशी मैदानावर, चार पालकांसमोर बोलू नकोस. घरी जा, चहा घे, आणि सांग की मुलगा संघातून बाहेर नाही. तो सरावाला येईल, बेस पळेल, स्कोअर लिहील, दुसऱ्या पिचरांचे पिच मोजेल. डॉक्टर हो म्हणतील तेव्हा बॅट धरेल. फक्त फेकणार नाही. बहुतेक वडील ऐकतात. त्यांना भीती असते ती मुलगा मागे पडेल याची, तेवढी काढून टाकली की झालं. आणि नाहीच ऐकलं, तरी मैदानावर बॉल कोणाच्या हातात द्यायचा हे तूच ठरवतेस.

तेव्हा १९ मुलांत एकाच पिचरवर भिस्त हे गणितच चुकीचं आहे. पाच-सहा जण तयार कर, त्यात मुलीही घे. प्रत्येकाला आठवड्यात एकदा २० पिच, फक्त फास्टबॉल, कॅचरच्या ग्लोव्हवर.

आता रांगेचं.

त्या मुलाने तुला सरावाचं सगळं शास्त्र एका वाक्यात सांगितलं आहे. वही घे आणि हिशेब करून बघ. तू पिच टाकतेस, एक मूल बॅटिंग करतं, दहा बॉल मारतं. एका बॉलला दहा सेकंद धरले तर शंभर सेकंद, वर हेल्मेट बदलायला वीस. एकाला दोन मिनिटं. १९ जणांना ३८ मिनिटं. म्हणजे प्रत्येक मूल दीड-दोन मिनिटं खेळलं आणि ३६ मिनिटं कुठेतरी उभं राहिलं, आऊटफिल्डमध्ये गवत उपटत. तुझ्या डोळ्यांना मात्र ३८ मिनिटं जोरदार बॅटिंग चालू दिसली, कारण तू सगळा वेळ खेळात होतीस. शिकवणाऱ्याला सराव नेहमी भरगच्च वाटतो. तो कसा झाला हे रांगेतल्या शेवटच्या मुलाला विचारावं.

म्हणून मी सरावात दोनच आकडे मोजते. आज प्रत्येक मुलाच्या हाताला किती वेळा बॉल लागला, हा पहिला. तो वाढवत न्यायचा. आणि आज प्रत्येकाने पूर्ण जोर लावून किती वेळा फेकलं, हा दुसरा. त्याला वेसण घालायची. गंमत अशी की हे दोन्ही एकमेकांविरुद्ध ओढतात. जास्त खेळवायला गेलं की जास्त फेकलं जातं आणि हात वाचवायला गेलं की मुलं उभी राहतात. सराव आखणं म्हणजे या दोघांमधून वाट काढणं. ती वाट अशी निघते: बॉल पकडणं, मारणं, पळणं आणि जवळून नेम धरणं हवं तेवढं, लांब फेकणं मोजून.

मंगळवारचा सराव मी असा आखला असता. एक चाळीस पानी वही कर, आदल्या रात्री लिही, आणि मिनिटांत लिही. नुसतं ‘फिल्डिंग’ लिहिलंस तर ते पसरत जाईल.

पहिली १० मिनिटं अंग गरम करायला. मैदानाला चकरा मारायला लावू नकोस, त्यातही रांगच लागते. साखळी खेळा. पाठलाग आहे, हुलकावणी आहे, अचानक थांबणं-वळणं आहे, बेसवर पळायला लागतं ते सगळं त्यात आहे. मग खांद्यांची गोल फिरवणी. हात गरम करून फेकायचं असतं, फेकून हात गरम करायचा नसतो.

पुढची १२ मिनिटं जोड्या करून फेका-पकडा. ग्लोव्ह ११ आणि मुलं १९, म्हणून पाच जोड्या ग्लोव्ह घालून खऱ्या बॉलवर, उरलेले नऊ जण टेनिस बॉलवर उघड्या हातांनी, त्यात एक तिघांचा गट. सहा मिनिटांनी अदलाबदल. उघड्या हाताने पकडणं कमी दर्जाचं समजू नकोस, त्याने हात मऊ होतो आणि दुसरा हात मदतीला आणायची सवय लागते. सुरुवात गुडघ्यावर बसून सहा मीटरवरून, मग उभं राहून दहा, मग पंधरा. पंधराच्या पुढे मंगळवारी नको. ‘समोरच्याच्या छातीवर’ एवढाच नेम सांग.

मग चार गट, चार जागा, प्रत्येक ठिकाणी १० मिनिटं, बदलायला एक मिनिट. दुसऱ्या बदलाला सगळ्यांनी पाणी प्यायचं. एप्रिल-मे असेल तर प्रत्येक बदलाला.

पहिली जागा शाळेची भिंत. टेनिस बॉल भिंतीवर मारायचा, परत येणारा ग्राउंडर उघड्या हातांनी उचलायचा. पाच मुलं, पाच बॉल, कोणी कोणाची वाट बघत नाही. दहा मिनिटांत एका मुलाच्या हाताला शंभराच्या आसपास बॉल लागतात. तुझ्या जुन्या पद्धतीत तेवढे लागायला महिना गेला असता.

दुसऱ्या जागी खऱ्या बॉलचा ग्राउंडर, बॅटने मारलेला, हाताने सरपटवलेला नाही. उचलला की पाच-सहा मीटरवर ठेवलेल्या बादलीत किंवा घमेल्यात टाकायचा. फर्स्ट बेसपर्यंत फेकायचं नाही. पाय आणि हात शिकतील, कोपर वाचेल.

तिसरी बॅटिंगची. इथे तू स्वतः उभी राहा, कारण बॅट फिरते तिथे मोठं माणूस हवंच. दोरीवर एक जुनी सतरंजी आणि एक जाड चादर टांग. टी, म्हणजे बॉल वर ठेवून मारायचा स्टँड, विकत घ्यायला नको, रस्त्यावर ठेवतात तसला प्लॅस्टिकचा कोन, त्यात पीव्हीसी पाइपचा तुकडा, वर सायकलच्या ट्यूबची गुंडाळी. एक मूल टीवरून सतरंजीत मारतंय, एकाला जोडीदार बाजूने हळू बॉल उडवून देतोय आणि ते चादरीत मारतंय, एक मोकळा स्विंग करतंय, एक बॉल गोळा करतंय. तीन बॅट तीन जणांच्या हातात. फक्कीने तीन गोल आख. गोलाबाहेर बॅट हातात दिसली तर त्या दिवसापुरती त्याची बॅटिंग बंद. हा नियम एकदाही मोडू देऊ नकोस. मारणाऱ्यांना हेल्मेट.

चौथी लगोरी. हसू नकोस. सात ठिकऱ्या, नऊ मीटर, टेनिस बॉल. पेरूच्या झाडाखाली दगड घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाला फेकण्याचं तंत्र कोणी शिकवलेलं नसतं, तरी नेम बसतो, कारण समोर पाडायला काहीतरी असतं. ‘कोपर वर, खांदा बंद’ असं दहा वेळा ओरडण्यापेक्षा समोर पाडायला काहीतरी ठेव. लगोरीत जोर लागत नाही, नेम लागतो, म्हणून ती हाताला स्वस्त पडते.

शेवटची २० मिनिटं मॅच. सहा, सहा आणि सात असे तीन संघ. एक बॅटिंगला, दोन फिल्डिंगला, पिच तू टाक, हळू, मारता येईल असा. सहा-सात मिनिटांनी बदल. आऊट कितीही होवोत, बदल घड्याळावर. फिल्डिंगला बारा-तेरा मुलं दाटीने उभी राहतील, राहू देत, जास्तीचे मागे बॅकअपला. बॅकअप ही जागा पोरांना कोणी सांगतच नाही, आणि या वयात मॅच तिथेच हरतात.

आता तुझा तो पायातून जाणारा ग्राउंडर. सरावात अडतो आणि मॅचमध्ये का जातो, हे मी बरीच वर्षं बघत आले आहे. सरावात बॉल आपल्याकडेच येणार हे मुलाला माहीत असतं. मॅचमध्ये आठ मिनिटं काहीच येत नाही आणि मग अचानक येतो. पकडायचं तंत्र त्याला येत असतं. चुकते ती वाट बघण्याची तयारी. म्हणून शेवटच्या वीस मिनिटांत प्रत्येक पिचच्या आधी प्रत्येक फिल्डरने मोठ्याने बोलायचं: ‘माझ्याकडे आला तर फर्स्ट!’ ‘माझ्याकडे आला तर सेकंड!’ गलका होईल, होऊ दे. बोललेल्या मुलाचं मन बॉलच्या आधी कामाला लागलेलं असतं. तंत्रातली एकच गोष्ट घोटून घे: ग्लोव्ह आधी जमिनीला टेकवायचा आणि बॉलसाठी वर आणायचा. वरून खाली न्यायला गेलं की बॉल पोचलेला असतो, ग्लोव्ह नसतो.

गुरुवार बॅटिंग आणि पळण्याचा ठेव, त्या दिवशी लांब फेकणं जवळजवळ नको. रन-डाऊन तेव्हाच घे. दोन बेसमध्ये अडकलेला रनर ही आपल्या मुलांना सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे, कारण खो-खो अंगात असतो. खो-खोचे नियम आपल्याच पुण्यात, डेक्कन जिमखान्यावर, १९१४ च्या सुमारास बांधले गेले. पाठलागाचा खेळ या गावाला नवा नाही. एवढंच सांग की रनरला मागच्या बेसकडे पळवत न्यायचं, बॉल हातात वर धरायचा, आणि फेकाफेक जितकी कमी तितकी बरी. रविवारी पिचिंग आणि मॅच. रविवारी कोणी ५० पिच टाकले तर सोमवार-मंगळवार त्याचा हात विश्रांतीत. मंगळवारी तो लगोरीऐवजी बेस पळेल. हे वहीत प्रत्येकाच्या नावापुढे लिही, लक्षात राहील असं समजू नकोस.

तुझी बहुतेक मुलं क्रिकेट खेळून आली असणार. त्यामुळे काही सवयी सोडवाव्या लागतील, आणि त्या ओरडून सुटत नाहीत. बॉल मारला की मूल बॅट घेऊनच पळतं. आमच्याकडे टीजवळ एक रिंगण आखलेलं असायचं, बॅट त्यात ठेवून पळायचं, भिरकावायची नाही. चांगला बॉल सोडून द्यायची सवय असते, नाहीतर मागे वळवायची. इथे मागे गेला की फाऊल, आणि समोर पडला की पळावंच लागतं, मनाला विचारायचं नाही. फर्स्ट बेस ओलांडून सरळ पुढे पळत जायचं असतं, क्रीझमध्ये बॅट टेकवल्यासारखं तिथे येऊन थांबायचं नाही. सेकंड-थर्डला मात्र पुढे निघून गेलास आणि कोणी बॉल अंगाला लावला तर आऊट. हे फरक एकेका दिवशी एकेक घे. त्याच्या उलट क्रिकेटने दिलेलं देणंही मोठं आहे. उंच कॅचखाली न घाबरता उभं राहणारी अकरा वर्षांची मुलं तुला फुकट मिळाली आहेत.

मैदानाच्या मापाचं तू लिहिलं नाहीस, पण मला शंका आहे की तू मोठ्यांची मापं वापरतेस. ९० फुटांचे बेस आणि साडेसाठ फुटांवरून पिच, या वयाला ते फार होतं. बॉल पोचतच नाही, मग मुलं जीव काढून फेकतात आणि कोपर जातं. बेस ६० फुटांवर घे, म्हणजे तुझ्या ओळखीचं सॉफ्टबॉलचं अंतर, आणि पिच ४६ फुटांवरून. लिटल लीगमध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना हीच मापं असतात. एक नायलॉनची दोरी घे, ६० फुटांवर गाठ आणि ८४ फूट १० इंचांवर दुसरी गाठ. दुसरी गाठ होमपासून, म्हणजे बॅटिंगच्या जागेपासून, सेकंडपर्यंत आली की तुझा चौकोन बरोबर. पाच मिनिटांत मैदान आखून होतं. यात एक फायदा असा की ६० फुटांचं मैदान अर्ध्या जागेतही बसतं, क्रिकेटवाल्यांशी भांडायला नको. त्यांच्या सरांना एकदा भेट आणि होम प्लेट अशा कोपऱ्यात घे की फाऊल बॉल भिंतीकडे जाईल, त्यांच्या नेटकडे नाही. टेनिस बॉलच्या जागा त्यांच्या बाजूला ठेव, खऱ्या बॉलच्या लांब.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की सराव बंद करू नकोस. शालेय स्पर्धांचे दिवस पावसाळ्यातच येतात. पण भिजलेला बॉल जड होतो, हातातून सटकतो, आणि मूल तो घट्ट आवळून फेकतं. चिखलात खरा बॉल बाहेर काढूच नकोस. शाळेची पडवी किंवा हॉल माग, फरशीवर खडूने बेस आख, आणि मुलांनाच उभं करून प्रसंग चालव: ‘फर्स्टवर रनर, एक आऊट, ग्राउंडर शॉर्टस्टॉपकडे. आता बाकीचे आठ जण कुठे पळाले?’ बॉल नसताना कोण कुठे जातं हे पावसाळ्यात जितकं शिकवून होतं तितकं हिवाळ्यात होत नाही.

वर्षातले चार महिने तरी पिचरांचा हात पूर्ण मोकळा ठेव, त्यातले दोन-तीन सलग. तुझ्या वेळापत्रकात हे सलग महिने मार्चअखेर परीक्षा आणि मग मे महिन्याची सुट्टी असे आपोआप बसतात. गावाला जाऊ दे पोरांना, विहिरीत पोहू दे.

पालकांच्या ‘मॅच कधी?’ला फार उत्तरं देत बसू नकोस. त्यांतले दोघं सरावाला मदतीला घे, एकाला भिंतीपाशी, एकाला लगोरीपाशी. घड्याळ बघून ‘बदला’ म्हणायला बेसबॉल यावा लागत नाही.

एक शेवटचं काम आहे. सराव संपला की वहीत त्या दिवसाच्या पानावर एकच ओळ लिही, आज कोण सगळ्यात जास्त वेळ नुसतं उभं होतं. नाव लिही. पुढच्या सरावात त्याच मुलाला पहिल्या जागेवर पहिला उभा कर.

आणि त्या रांगेला कंटाळून गेलेल्या मुलाला पुन्हा फोन कर. त्याला समजावत बसू नकोस. म्हण, ‘मंगळवारी भिंतीपाशी मला एक जण कमी पडतोय, चौथ्या गटात चारच आहेत.’ हे खोटं नाही, १९ चे चार गट केले की एका गटात चारच उरतात. तो आला तर मला कळव, आणि कोपराबद्दल डॉक्टर काय म्हणाले तेही.

— बाई